'मेसॉन'मधला 'ट्र' गेला कुठे?

प्रश्न : भौतिकीच्या जुन्या पुस्तकांत 'मेसोट्रॉन' आणि 'म्यू-मेसॉन' अशी अणूहून लहान कणांची नावे भेटतात. नवी पुस्तके म्हणतात, म्यूऑन हा मेसॉनच नव्हे. मग खरे काय?

उत्तर : ग्रीक 'मेसॉस' म्हणजे मधला, आपल्या 'मध्य'चा तो भाऊबंदच. १९३६-३७ मध्ये अँडरसन आणि नेडरमायर या भौतिकशास्त्रज्ञांना विश्वकिरणांत (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या झोतांत) इलेक्ट्रॉनपेक्षा जड, पण प्रोटॉनपेक्षा हलका असा कण सापडला. त्यांनी योजलेले नाव 'मेसोटॉन' होते. त्यात 'र' घुसवून 'मेसोट्रॉन' केले ते भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉनमध्ये तो आहेच, हा त्यांचा मुद्दा. प्रोटॉनमध्ये नाही, ही अँडरसन यांची हरकत चालली नाही.

१९३९ मध्ये होमी भाभा यांनी 'नेचर'मधल्या टिपणात हा 'ट्र' फाजील ठरवला. 'इलेक्ट्र' आणि 'न्यूट्र' या मूळ शब्दांत तो मुळातच आहे, 'मेसो'त नाही. प्रत्यय काय तो 'ऑन'. म्हणून मेसॉन. भाषेच्या बाजूने हे निर्विवाद आहे.

घोळ झाला तो भौतिकीत. जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावा यांनी १९३५ मध्ये अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाचा वाहक म्हणून इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमानाचा कण सुचवला होता. सापडलेला कण २०७ पट भरला आणि तोच हा, असे बहुतेकांनी धरले. पण असा वाहक अणुकेंद्रांशी जोरात भिडायला हवा, आणि हा तर त्यांना फारशी दादच देत नव्हता. युकावांचा खरा कण, २७३ पट वस्तुमानाचा पायॉन, १९४७ मध्ये मिळाला. दोघांनाही काही काळ मेसॉनच म्हटले गेले : युकावांचा तो 'पाय-मेसॉन', आधी सापडलेला तो 'म्यू-मेसॉन', म्हणजे आजचा म्यूऑन.

आज मेसॉन म्हणजे क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचा घटक) आणि प्रतिक्वार्क (त्याचा प्रतिकण) यांची जोडी. म्यूऑनमध्ये क्वार्क नाहीत, म्हणून तो लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वर्गातला. वजनाचा निकष कधीच मागे पडला. बी-मेसॉन नावाचा मेसॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १०,३०० पट, म्हणजे प्रोटॉनच्या (१,८३६ पट) साडेपाच पटींहून जड. तो कसला मधला! 'लेप्टॉस' म्हणजे बारीक, तरी टाऊ हा लेप्टॉन प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट.

जुने पुस्तक वाचताना 'म्यू-मेसॉन' दिसला की सरळ म्यूऑन समजावे. 'मेसोट्रॉन'चा मात्र संदर्भ पाहावा लागतो. जमिनीवर मोजलेल्या विश्वकिरणांची गोष्ट चालली असेल तर तो बहुधा म्यूऑनच. अणुकेंद्रातील बलाचे गणित चालले असेल तर लेखकाच्या मनात युकावांचा कण आहे, म्हणजे आजचा पायॉन.