मणक्याचं दुसरं ऑपरेशन: नुसती नस मोकळी करायची की परत स्क्रू?

प्रश्न: आईचं वय 64, आठ वर्षांपूर्वी एल4-एल5 ला (कमरेचा चौथा-पाचवा मणका) स्क्रू-रॉड टाकलेत. आता ओट्यापाशी दोन भाकऱ्या थापल्या की पाय बधिर होतात, वाकून बसली की बरं वाटतं. एक डॉक्टर म्हणतात वरचा मणका पण फ्युजन करा (म्हणजे स्क्रू टाकून जोडून टाका), दुसरे म्हणतात नुसती नस मोकळी करू. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: ताई, दोघंही चुकीचे नसतील. खालचा सांधा जाम झाला की वाकण्याचा ताण वरच्या एल3-एल4 वर जातो, तो आधी झिजू शकतो, आणि वाकल्यावर बरं वाटणं हे बहुतेक वेळा नस दबल्याचंच लक्षण. आता बघायचं एवढंच की तो मणका हलतोय का, त्यासाठी उभं राहून पुढेमागे वाकून एक्सरे काढतात, नुसत्या झोपून काढलेल्या एमआरआयवर ठरवू नका. सरकत नसेल तर नस मोकळी करणं छोटं काम, रक्त कमी जातं, पण पुढे मणका सरकला तर परत टेबलावर जावं लागू शकतं. सरकत असेल तर फ्युजन वाढवणं बरं, फक्त मग ताण अजून वरच्या मणक्यावर, हे चक्र आहेच. कृत्रिम डिस्कचं (मणक्यांमधली बनावट गादी) कुणी सुचवलं तर मागचे सांधे झिजलेत का ते आधी विचारा, झिजले असतील तर ती सहसा बसवत नाहीत. हाडांची डेक्सा (हाडं किती ठिसूळ आहेत ते मोजणारी तपासणी) करून घ्या, ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात. आणि आई मिश्री लावत असेल तर बंद, निकोटिनने हाड जुळत नाही नीट (हे पेशंट कधी सांगतच नाहीत!). लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.