वाचकांचे प्रश्न : पक्षाचा सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या अंकात पाकिस्तानातल्या पक्षांवर लेख होता. त्यात आम्ही म्हटलं होतं की तिथल्या पक्षांची विचारसरणी दर दहा वर्षांनी कूस बदलते, पण अध्यक्षाचं आडनाव जागचं हलत नाही. त्यावर आलेली बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. पक्ष, चिन्ह आणि व्हिप या विषयांत ठाणेकरांचा हात कोण धरणार! त्यातले काही प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : बिलावल हे आसिफ अली झरदारींचे चिरंजीव. मग ते भुट्टो कसे? आणि खरे भुट्टो गेले कुठे? (एक वाचक, नेरूळ)

27 डिसेंबर 2007 रोजी रावळपिंडीत बिलावल यांच्या आई, माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टोंची हत्या झाली. 30 डिसेंबरला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, लारकान्याजवळच्या नौडेरोत त्यांच्या पीपल्स पार्टीची बैठक भरली आणि बेनझीर यांचं मृत्युपत्र वाचलं गेलं. पक्ष पतीच्या हाती द्यावा, असं त्यात होतं. झरदारींनी अध्यक्षपद मुलाकडे दिलं आणि स्वतः सहअध्यक्ष झाले. त्याच दिवशी बिलावल झरदारींचे ‘बिलावल भुट्टो झरदारी’ झाले. वय 19, शिक्षण ऑक्सफर्डमध्ये चालू. पाकिस्तानात खासदारकीला 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे कारभार अर्थातच वडिलांच्या हाती राहिला. बिलावल नॅशनल असेंब्लीत निवडून आले ते 2018 साली.

गावाकडे खातेदार गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे जमिनीआधी आडनावाचा फेरफार झाला.

बापाकडून चालत आलेलं भुट्टो आडनाव बेनझीर यांचे भाऊ मुर्तझा यांच्या मुलांकडे आहे, फातिमा आणि धाकटे झुल्फिकार. त्याआधीचा एक अंक विसरला जातो. डिसेंबर 1993 मध्ये नुसरत भुट्टो मुर्तझांची बाजू घेत होत्या, म्हणून बेनझीर यांनी खुद्द आईला सहअध्यक्षपदावरून काढलं. सप्टेंबर 1996 मध्ये कराचीत पोलिसांच्या गोळीबारात मुर्तझा मारले गेले, तेव्हा पंतप्रधानपदी सख्खी बहीण होती. मुर्तझांचा वेगळा गट त्यांच्या पत्नी घिन्वा यांनी चालवला, पण मतं त्याच्याकडे वळली नाहीत. मतदारांनी रक्ताचा वारस न निवडता पक्षाची किल्ली ज्याच्याकडे त्याला निवडलं, हे इथे ध्यानात घ्यावं. घराणेशाही म्हणजे भोळ्या प्रजेची भक्ती, ही समजूत आम्हाला म्हणूनच अपुरी वाटते.

मुंबईकरांसाठी जाता जाता : बेनझीर यांचे वडील आणि पक्षाचे संस्थापक झुल्फिकार अली भुट्टो शिकले ते आपल्या फोर्टातल्या कॅथेड्रल शाळेत, आणि त्यांचे वडील सर शाहनवाज मुंबई इलाख्याच्या सरकारात मंत्री होते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता.

प्रश्न : पीपल्स पार्टी समाजवादी की इस्लामी? दोन्ही एकदम कसं जमतं? (ऐरोलीतून)

1967 च्या नोव्हेंबरअखेर लाहोरात डॉ. मुबश्शिर हसन यांच्या घरी पक्षाची स्थापना झाली, तेव्हाची घोषणाच जोडकाम होती : इस्लाम आमचा धर्म, लोकशाही आमची राज्यपद्धती, समाजवाद आमची अर्थव्यवस्था, सगळी सत्ता जनतेची. सभांमध्ये मात्र ‘रोटी, कपडा और मकान’ चालायचं. 1970 च्या निवडणुकीत पश्चिम पाकिस्तानातल्या 138 पैकी 81 जागा याच घोषणेवर मिळाल्या.

भुट्टो सत्तेवर आल्यावर पहिली दोन वर्षं गाडी डावीकडे होती. 1972 च्या जानेवारीत अवजड उद्योग सरकारने हाती घेतले. जमिनीची कमाल मर्यादा बागायतीला 500 एकरांवरून 150 वर आणि जिरायतीला 1000 वरून 300 वर आणली. 1974 च्या सुरुवातीला बँकाही सरकारकडे गेल्या. मात्र मर्यादा कुटुंबाला नव्हती, व्यक्तीला होती. जमीनदारांनी मुलं, सुना, भाचे यांच्या नावांवर तुकडे पाडले आणि वाडा होता तसाच उभा राहिला. कुळकायद्याच्या काळातल्या गोष्टी ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच 1974 मध्ये दोन गोष्टी घडल्या. पक्षाचा मूळ मसुदा लिहिणारे पहिले सरचिटणीस जे. ए. रहीम यांना मंत्रिमंडळातून काढून घरी मारहाण झाली. आणि सप्टेंबरात दुसरी घटनादुरुस्ती करून अहमदिया पंथाच्या लोकांना बिगरमुस्लिम ठरवलं गेलं. ते करणारा पक्ष स्वतःला समाजवादी म्हणवत होता. 1977 ची तिकिटं वाटताना डावे कार्यकर्ते मागे पडले आणि जमीनदार पुढे आले. निवडणुकीत घोळ झाल्याचा आरोप करत विरोधक ‘निजाम-ए-मुस्तफा’च्या, म्हणजे पैगंबरांच्या राज्यव्यवस्थेच्या, घोषणेने रस्त्यावर उतरले, तेव्हा एप्रिलमध्ये भुट्टोंनी दारूबंदी, जुगारबंदी आणि शुक्रवारची सुट्टी एका दमात जाहीर केली. खुर्ची वाचली नाही. 5 जुलैला जनरल झियांनी सत्ता घेतली आणि 4 एप्रिल 1979 ला भुट्टोंना फाशी दिलं.

गंमत पुढे आहे. समाजवादी पक्षाने आणलेली शुक्रवारची सुट्टी 1997 मध्ये रविवारवर परत नेली ती मुस्लिम लीगच्या नवाझ शरीफांनी! तेव्हा पक्षाच्या नावावरून धोरण ओळखायला जाल तर फसाल.

फाशीनंतर प्रश्न मिटला. ‘भुट्टोवाद’ हीच विचारसरणी झाली, आणि तिचा अर्थ सांगण्याचा हक्क घरातल्यांकडे आपोआप आला. ‘जिये भुट्टो’ म्हणणारा कार्यकर्ता खासगीकरणाच्या बाजूचा की विरोधातला, हे त्या घोषणेवरून कळत नाही, आणि कळायची सोयही ठेवलेली नाही.

प्रश्न : आपल्याकडे 2023 मध्ये व्हिप कुणाचा यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पाकिस्तानात फुटलेल्या आमदारांचं काय होतं? (एक निवृत्त शासकीय कर्मचारी, कोपरी, ठाणे पूर्व)

हा प्रश्न ठाण्यातून येणार हे आम्ही धरूनच होतो.

तिथला कायदा म्हणजे राज्यघटनेचं कलम 63अ. तीन बाबतींत पक्षाविरुद्ध मत दिलं वा गैरहजर राहिलं तर पद जातं : पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्याची निवड, विश्वास-अविश्वास ठराव, आणि अर्थविधेयक किंवा घटनादुरुस्ती. प्रक्रिया अशी : पक्षप्रमुख आधी सदस्याला खुलासा मागतो, मग फुटल्याचं लेखी जाहीर करतो. सभापतीने ते 2 दिवसांत निवडणूक आयुक्तांकडे पाठवायचं, आयोगाने 30 दिवसांत निर्णय द्यायचा, आणि त्यावर वरच्या न्यायालयात अपील. आपल्याकडे अपात्रतेचा अर्ज अध्यक्षांच्या टेबलावर किती महिने राहू शकतो हे आपण पाहिलं आहे. तिथे ही फट बुजवलेली आहे.

दुसरी फट मात्र उघडी राहिली, आणि ती जुलै 2022 मध्ये लाहोरात दिसली. पंजाबच्या मुख्यमंत्रिपदासाठी एकीकडे शाहबाझ शरीफांचे चिरंजीव हमझा, दुसरीकडे इम्रान खान यांच्या पाठिंब्यावर मुस्लिम लीग (क्यू) गटाचे परवेझ इलाही. 22 जुलैला मतदान झालं. इलाहींना 186, हमझांना 179. तेवढ्यात उपसभापतींनी एक पत्र वाचून दाखवलं. सही क्यू लीगचे अध्यक्ष चौधरी शुजात हुसेन यांची, मजकूर असा की आमच्या दहा सदस्यांनी हमझांना मत द्यावं. झरदारी आदल्या रात्री शुजात यांच्या घरी जाऊन आले होते. शुजात आणि परवेझ इलाही हे गुजरातच्या (पाकिस्तानातलं गुजरात शहर) एकाच चौधरी घराण्यातले चुलतभाऊ. दहा मतं बाद झाली, इलाही 176 वर आले, हमझा विजयी! बाद झालेल्या मतांत खुद्द इलाहींचंही मत होतं.

चार दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. न्यायालय म्हणालं, मत कुणाला द्यायचं हे विधिमंडळ पक्ष, म्हणजे सभागृहात निवडून आलेले पक्षाचे सदस्य, ठरवतो. पक्षप्रमुखाचं काम नंतर फूट जाहीर करण्यापुरतं. 11 मे 2023 च्या आपल्या निकालात नेमकं उलट आहे : व्हिप आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, एरवी किचकट वाटणारा विषय अर्ध्या तासात उलगडतो.

एक दुरुस्ती लक्षात ठेवावी. मे 2022 मध्ये तिथल्या न्यायालयाने फुटीर सदस्याचं मत मोजायचंच नाही असं म्हटलं होतं. 3 ऑक्टोबर 2024 ला फेरविचारात ते रद्द झालं. आता मत मोजलं जातं, खुर्ची नंतर जाते.

प्रश्न : निकालांच्या तक्त्यात पाकिस्तान पीपल्स पार्टीसाठी कधी पीपीपी, कधी पीपीपीपी दिसतं. छपाईची चूक का? (घणसोली)

चूक नाही, दोन नोंदणीकृत पक्ष आहेत. 2002 मध्ये मुशर्रफ यांनी शिक्षा झालेल्यांना पक्षाचं पद बंद केलं. बेनझीर अडकल्या, म्हणून ‘पार्लमेंटेरियन्स’ नावाचा दुसरा पक्ष काढून मख्दूम अमीन फहीम यांना पुढे केलं. तो आजही आहे. त्याचं चिन्ह बाण. मूळ पक्षाला 2018 मध्ये भुट्टोंच्या काळातली तलवार परत मिळाली. माणसं तीच, पण खासदारांची मोजणी करताना चार ‘पी’वाला रकाना बघावा.

प्रश्न : इम्रान खान यांच्या पीटीआय पक्षाचं चिन्ह, बॅट, गेली म्हणजे नक्की काय झालं? पक्षांतर्गत निवडणूक इतकी महत्त्वाची असते? (मानपाडा, ठाणे)

एरवी कुणी ढुंकून पाहत नाही. निवडणूक कायदा 2017 प्रमाणे पक्षाने पाच वर्षांतून एकदा तरी अंतर्गत निवडणूक घेऊन प्रमाणपत्र द्यायचं असतं, नाहीतर चिन्ह मिळत नाही. बहुतेक पक्षांत एका दालनात सगळे बिनविरोध होतात आणि कागद आयोगाकडे जातो. त्याआधी 2010 मध्ये, लोकशाही बळकट करणारी म्हणून गौरवलेल्या अठराव्या दुरुस्तीतच, पक्षांतर्गत निवडणुकीचं बंधन राज्यघटनेतून काढून टाकलं गेलं. जवळजवळ सगळ्या पक्षांच्या संमतीने. यावर जास्त बोलायला नको.

इम्रान खान यांच्या पक्षाची निवडणूक 2 डिसेंबर 2023 ला पेशावरजवळ झाली आणि बॅरिस्टर गोहर खान बिनविरोध अध्यक्ष झाले. आयोगाने हरकत घेतली : निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूकच पक्षाच्या घटनेप्रमाणे नाही. 13 जानेवारी 2024 च्या रात्री सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. तो तिकीट दाखल करण्याचाही शेवटचा दिवस होता. पर्याय म्हणून ‘पीटीआय नझरियाती’, म्हणजे ‘वैचारिक पीटीआय’, या छोट्या पक्षाची तिकिटं तयार होती, कारण त्याचं चिन्ह होतं ‘फलंदाज’. त्याच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर हात वर केले. मग प्रत्येक उमेदवार अपक्ष, प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. इस्लामाबादेत एकाला वांगं मिळालं, तर तो वांगी घेऊनच प्रचाराला निघाला. तरी 90 हून अधिक जण निवडून आले.

आपला एबी फॉर्म आठवा, सही कुणाची यावर सगळं. नवाझ शरीफ फेब्रुवारी 2018 मध्ये पक्षाध्यक्षपदाला अपात्र ठरले, तेव्हा त्यांच्या सहीची सिनेटची तिकिटं एका रात्रीत बाद झाली आणि मुस्लिम लीगचे उमेदवार अपक्ष म्हणून लढले. बंड करायला निघालेल्या नेत्याचा पाय अडखळतो तो इथेच. जनाधार स्वतःचा असला तरी बाण किंवा वाघ (मुस्लिम लीगचं चिन्ह) देणारी सही दुसऱ्याकडे असते.

प्रश्न : आमच्या वॉर्डात महिला आरक्षण पडलं की नगरसेवकाच्या सौभाग्यवती उभ्या राहतात. तिथेही असंच? (एक वाचक भगिनी, कळवा)

तिथे त्यांना उभंही राहावं लागत नाही, ताई. नॅशनल असेंब्लीत 336 जागा : 266 थेट, 60 महिलांच्या, 10 बिगरमुस्लिमांच्या. महिलांच्या जागा प्रांतवार (पंजाब 32, सिंध 14, खैबर पख्तुनख्वा 10, बलुचिस्तान 4). पक्षाने त्या प्रांतात थेट जितक्या जागा जिंकल्या, त्या प्रमाणात वाटप. ढोबळमानाने साडेचार थेट जागांमागे एक महिला. नावं कुठून येतात? अर्ज भरण्याच्या मुदतीत पक्षाने दिलेल्या क्रमवार यादीतून. यादीतला क्रम मागाहून बदलता येत नाही. म्हणजे पहिल्या पाचांत नाव घालणं हा थेट खासदारकी देण्याचा अधिकार, आणि तो प्रमुखाच्या बैठकीतच वापरला जातो. पत्नी, मुलगी, वहिनी, भाची तिथे का दिसतात हे यावरून कळेल.

थेट जागांवर किमान 5 टक्के तिकिटं महिलांना द्यावीत असंही कायद्यात आहे. पक्ष ती देतात, पण हमखास पडणाऱ्या जागी.

प्रश्न : घराणेशाही नसलेला एक तरी पक्ष आहे का? (वाशी)

जमात-ए-इस्लामी. संस्थापक मौदुदी यांचा जन्म 1903 चा, आपल्या औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर). 1941 पासून सहा अमीर, म्हणजे पक्षप्रमुख, झाले : मौदुदी, मियाँ तुफैल, काझी हुसेन अहमद, मुनव्वर हसन, सिराज-उल-हक आणि 2024 पासून हाफिज नईम. यातला एकही आधीच्याचा मुलगा नाही. अमीर पाच वर्षांसाठी, रुक्न म्हणजे पक्क्या सदस्यांच्या गुप्त मतदानाने निवडला जातो. शूरा म्हणजे पक्षाचं सल्लागार मंडळ तीन नावं सुचवतं, सदस्य चौथं लिहू शकतो. स्वतःसाठी प्रचार केला तर तो माणूस अपात्र. शेजारच्या जमियत उलेमा-ए-इस्लामशी ताडून बघा : 1980 मध्ये मुफ्ती महमूद वारले आणि फझलुर रहमान वडिलांच्या जागी आले ते आजवर. दोन्ही पक्ष धार्मिकच, तेव्हा घराणेशाहीचं खापर धर्मावर फोडता येत नाही.

मग जमात जिंकत का नाही? रुक्न व्हायलाच वर्षं लागतात, त्यामुळे पक्ष शिस्तीचा आणि लहान राहतो. थेट जागा जिंकायला गावातला वजनदार माणूस लागतो, आणि तो रुक्न व्हायला वेळ घालवत नाही. बाकी राखीव यादीचा मोह तिथेही सुटला नव्हता : 2002 च्या असेंब्लीत महिलांच्या जागेवर आलेल्या समिया राहील काझी या तेव्हाच्या अमीरांच्या, काझी हुसेन अहमद यांच्या कन्या.