शाळेच्या फुटबॉल संघाला फिजिओ कशाला हवा? दुखापत झाली तर डॉक्टर आहेतच ना?

द्या ते पैसे. शाळा फिजिओसाठी वर्षाला चार हजार जास्त मागतेय, मुलगा नववीत आहे, तसा फिट आहे, मग हा माणूस मैदानावर उभा राहून करणार काय, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुंबईतल्या शाळांच्या संघांबरोबर अकरा वर्षं काम केलंय. "डॉक्टर आहेतच ना" हे मी अगदी याच शब्दांत ऐकलंय, आणि ते ऐकल्यानंतर त्या शाळेतलं माझं काम गेलं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ऑक्टोबरातला शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि बाराच्या उन्हात सराव सुरू झाला, कारण संध्याकाळी मैदान मिळत नव्हतं. मुंबईकराला ऑक्टोबर समजावून सांगायला नको. पाऊस गेलेला, वारा नाही, घाम येतो पण वाळत नाही. स्पर्धा दहा दिवसांवर आलेली. संघातला एक मुलगा दोन दिवस तापाने घरी होता, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. मी सरांना म्हटलं, आज याला बसू द्या. सर म्हणाले, "मॅडम, ताप उतरलाय. घाम गाळला की उरलासुरलाही जाईल." वर तो पाच मिनिटं उशिरा आला म्हणून मैदानाला दहा फेऱ्या. मग लगेच सराव सामना.

विसेक मिनिटांनी बॉल उजवीकडे असताना तो डावीकडे धावला. मुलं हसली, सर ओरडले. मी नावाने हाक मारली तर त्याने मला शिवी दिली. हा मुलगा मला वाकून "मिस, शूजची नाडी बांधू का" विचारणारा. शिवी ऐकली आणि मी धावत सुटले. उन्हाने नुसती चक्कर आलेलं पोर खाली बसतं, पाणी मागतं, विचारलेल्याला धड उत्तर देतं. जे बरळतं, भांडतं, झोकांड्या खातं, त्याचा मेंदू तापलेला असतो. त्याचं अंग घामाने निथळत होतं. उष्माघातात कातडी कोरडी पडते असं आपण पाठ केलेलं असतं, पण ते उन्हाळ्यात घरात आजारी पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत जास्त दिसतं. पळून पळून तापलेलं पोर घामाघूम असू शकतं.

अशा वेळी कपाळावरचा, कानातला, काखेतला थर्मामीटर भरवशाचा नसतो. गुदद्वारातूनच मोजावं लागतं. मैदानाच्या माळीकाकांनी पिच झाकायची ताडपत्री ओढत आणली. त्याला त्यात झोपवलं, वर टॉवेल धरले, सहायक कोचना शेजारी उभं केलं आणि मोजलं. 41.4 अंश सेल्सिअस. शरीर 40 च्या वर गेलं आणि डोकं चालेनासं झालं की तो उष्माघात.

एकाला 108 ला फोन करायला लावला. आठ मुलांनी ताडपत्रीच्या कडा उचलून धरल्या, पाळण्यासारखी. पिचवर मारायच्या पिंपातलं पाणी त्यात ओतलं. फाटकाबाहेरच्या उसाच्या रसवाल्याने पैशांची बात न करता बर्फाची अख्खी लादी दिली, ती फोडून टाकली. मी एका हाताने त्याचं डोकं वर धरलं होतं आणि मुलांना सांगत होते, हलवत राहा, पाणी थांबू देऊ नका. अंगाला लागलेलं पाणी गरम होतं, ते सतत बदलत राहिलं पाहिजे. सर टॅक्सी थांबवून ओरडत होते, "मॅडम, आधी हॉस्पिटल!" मी हलू दिलं नाही. तेरा मिनिटांनी 38.8 झालं, त्याने मला ओळखलं आणि "थंडी वाजतेय" म्हणाला. तेव्हा बाहेर काढलं. पाच मिनिटांनी अॅम्ब्युलन्स आली.

तो तीन दिवस रुग्णालयात होता. लिव्हरचे आकडे वाढले होते ते उतरले, किडनीला काही झालं नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याचे वडील मला म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते ना? तुम्ही कोण? माझ्या पोराला घाण पाण्यात बुडवून पंधरा मिनिटं वाया घालवलीत, आणि चारचौघांत कपडे काढलेत." कपड्यांचा राग मला कळतो. पंधरा वर्षांचा मुलगा तो, त्याला पुढे वर्गात बसायचं होतं. मी सगळ्या पालकांना हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायला हवं होतं. ती चूक माझी. सर एवढंच म्हणाले, "मी टॅक्सी थांबवली होती." दहा फेऱ्यांचा आणि तापाचा विषय कोणी काढलाच नाही. पुढच्या जूनमध्ये शाळेने मला बोलावलं नाही.

तेव्हा बोलायला मिळालं नाही, ते आता लिहिते. उष्माघातात पोर किती तापलं यापेक्षा किती मिनिटं तापलेलं राहिलं यावर सगळं ठरतं. बर्फाच्या पाण्यात शरीर मिनिटाला साधारण 0.2 अंशाने उतरतं, दुसरं काहीच इतक्या वेगाने उतरवत नाही. अर्ध्या तासाच्या आत खाली आणलं तर जवळजवळ सगळे वाचतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फालमथ नावाची सात मैलांची शर्यत ऑगस्टच्या उन्हात होते. तिथे 18 वर्षांत 274 धावपटूंना उष्माघात झाला, त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं, आणि 274 च्या 274 वाचले. त्या शनिवारी टॅक्सी सिग्नलला, मग कॅज्युअल्टीच्या दारात केसपेपर, मग स्ट्रेचर. वाया गेली असती ती मिनिटं तिथे गेली असती, ताडपत्रीत नव्हे.

तिकडच्या हायस्कूलांमध्ये जो अॅथलेटिक ट्रेनर असतो तो जिममधला ट्रेनर नव्हे. तो वेगळा शिकलेला आरोग्य व्यावसायिक असतो, त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 पासून आहे. आधी थंड करा, मग हलवा, हे ते पहिल्यापासून शिकतात. आणि त्याच्याही आधी, पोरगं तिथपर्यंत पोचूच नये हे बघतात. 2009 मध्ये त्यांनी शाळांसाठी 14 दिवसांची पद्धत घालून दिली: हंगामाचे पहिले पाच दिवस दिवसाला एकच सराव, अमेरिकन फुटबॉलवाल्यांना पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पूर्ण साहित्य सहाव्या दिवसापासून. शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. आपल्याकडे गणपती-नवरात्र उरकलं, परीक्षा झाली की थेट बाराच्या उन्हात फेऱ्या. शिक्षा म्हणून पळवणं तर बंदच व्हायला हवं. "आमच्या वेळी आम्ही पाणी न पिता खेळलो" असं म्हणणाऱ्या सरांना माझं सांगणं आहे की जे खेळू शकले तेच आज सांगायला मैदानावर येतात.

बाकीचं काम थोडक्यात. मुरगळलेला घोटा बांधणं, कुठला घोटा बांधून खेळवायचा आणि कुठला घरी पाठवायचा हे ठरवणं. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी खेळ बंद, मुलगा कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. पुढे पायरीपायरीने परत, प्रत्येक पायरीला निदान 24 तास. धक्का न लागता कोणी धाडकन कोसळला तर हृदय बंद पडलं असं धरून छाती दाबायला लगेच सुरुवात.

आता एक सावधगिरी, ही आधीच लिहायला हवी होती. फिजिओ नेमला म्हणजे झालं असं नाही. माझी पदवी साडेचार वर्षांची होती, पण मैदानावरचा उष्माघात हाताळलेले आमच्यातही थोडे. शिवाय थंड केल्यावर रुग्णालय लागतंच, मी डॉक्टरांविरुद्ध बोलत नाहीये. आणि घरी आल्यावर निदान आठवडाभर व्यायाम नाही, मग डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच हळूहळू.

तुमच्या शाळेला मात्र पैसे भरण्याआधी लेखी विचारा: फिजिओ "याला आज बसवा" म्हणाला आणि कोच "नाही" म्हणाला, तर कोणाचं चालणार? कोचचं, असं उत्तर आलं तर तो माणूस पट्ट्या बांधायलाच राहील, आणि तुमचे चार हजार त्यातच जातील. आणि तुमच्या मुलाला ताप येऊन गेला असेल तर तुम्हीच दोन-तीन दिवस पाठवू नका, निवड चाचणी असली तरी.

मैदानावर ताडपत्री आहे का, आणि बर्फ कुठून येणार, तेही विचारून घ्या.