संशोधनाला पैसा कुठे द्यायचा हे मॉडेलने सांगायचं, हे करिअर असतं का?

तू लिहिलंयस की स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, डिसिजन मॉडेलिंगवर (कुठला उपचार निवडावा, हे गणिताने तोलून बघण्यावर) एक लेक्चर ऐकलंस आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे, पण आई म्हणते, "एकही पेशंट न बघता कुठल्या आजारावर संशोधन व्हावं हे ठरवणारी तू कोण?"

आईचा प्रश्न रास्त आहे हां.

ठरवणारी तू नसतेसच, ठरवते फंड देणारी कमिटी. तू फक्त काढून देतेस की आज आपण चुकीचा उपचार निवडत असू तर ती चूक केवढ्याला पडतेय. समज दोन उपचार आहेत, आजच्या पुराव्यावर दुसरा बरा वाटतो, पण 30 टक्के शक्यता अशी की खरं तर पहिलाच सरस आहे, आणि तसं असलं तर पेशंटमागे सरासरी 0.1 निरोगी वर्ष वाया जातंय. गुणाकार केलास की 0.03, आणि वर्षाला 1 लाख पेशंट असले तर 3000 निरोगी वर्षं. संशोधनाने फार तर एवढाच फायदा होईल, प्रत्यक्षात कमीच, कारण कुठलीच ट्रायल सगळी शंका मिटवत नाही. या जास्तीत जास्त फायद्याला ईव्हीपीआय म्हणतात, एक्स्पेक्टेड व्हॅल्यू ऑफ परफेक्ट इन्फर्मेशन, म्हणजे सगळी शंका मिटली तर सरासरी किती फायदा होईल ते. आणि गंमत बघ, आजार कितीही मोठा असू दे, उत्तर काहीही आलं तरी डॉक्टर तोच उपचार देणार असतील तर हा आकडा शून्य!

मूळ गणित जुनं आहे, रायफा आणि श्लेफर या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांचं, 1961 चं. आरोग्यात ते रुजवण्यात ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ कार्ल क्लॅक्स्टन यांचा मोठा वाटा.

आता कामाचं. हेल्थ इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स कर, आर ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा शीक, मार्कोव्ह मॉडेल (पेशंट एका अवस्थेतून दुसरीत कसे जातात याचं गणित) आणि मोंटे कार्लो (आकडे रँडम बदलून तेच गणित हजारो वेळा चालवणं) हाताने करून बघ. नोकऱ्या आहेत, पण स्पष्टच सांगते, बऱ्याचशा औषध कंपन्यांच्या आणि कन्सल्टन्सीच्या, तिथे मॉडेल लागतं ते औषधाची किंमत मंजूर करून घ्यायला. संशोधनाचा फंड कुठे जावा यावरचं काम जास्त करून विद्यापीठं आणि सरकारी संस्थांमध्ये, जागा कमी, त्यामुळे पीएचडीची तयारी ठेव.

आधी सुट्टीत एक छोटं मॉडेल बनव आणि आईला दाखव. ते 30 टक्के कुठून आणलेस हे ती विचारणारच, आणि कमिटीही पहिलं तेच विचारते.