फायबर घरात आहे, मग केबल ठेवायची का? (नाशिक)

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये फायबर इंटरनेट आहेच, मग सासू-सासऱ्यांसाठी केबलचे पैसे वेगळे का भरायचे, असं तुम्ही विचारलंय. मी पंचवटीत राहतो. मागच्या वर्षी हाच हिशोब मांडून मी केबल बंद केली आणि अडीच महिन्यांनी पुन्हा चालू केली.

इंटरनेट तुम्ही ठेवणारच आहात, त्यामुळे वाचणार ते फक्त केबलचं बिल. आमचं महिन्याला ३५० होतं. पण मराठी मालिका एका अ‍ॅपवर मिळत नाहीत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. घरात तिन्हीकडच्या मालिका बघत असतील तर तीन वर्गण्या आल्या आणि बचत जवळपास संपली.

आमचं खरं अडलं ते आईपाशी. तिला वाहिन्यांचे नंबर पाठ. चष्मा नसला तरी बोटं बरोबर बटणावर जायची. एका संध्याकाळी अ‍ॅप आपोआप लॉगआउट झालं. ओटीपी माझ्या फोनवर, मी अंबडला सेकंड शिफ्टला आणि फोन लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत बघतो तर तिचे सहा मिस्ड कॉल. मालिका तर गेलीच, शिवाय "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं" असं समजून ती टीव्ही बंद करून बसली होती. याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे लोकल वाहिनी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्या भागात प्रत्येकाला एकच माहिती हवी असते: गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? केबलच्या लोकल वाहिनीवर ते बसल्या जागी दिसतं. कामदा एकादशीचा रामरथही तसाच. हल्ली हे यूट्यूबवर सापडतं, पण शोधून कुणी लावून द्यायचं? आणि २०२७ चा सिंहस्थ तर तोंडावर आलाय.

क्रिकेटचं थोडक्यात सांगतो: अ‍ॅपवरची मॅच केबलच्या मागे चालते, विकेट पडल्याचं आधी शेजारच्या ओरडण्यावरून कळतं.

म्हणून माझा सल्ला, केबल काढू नका, कमी करा. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने आपल्याला हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडता येतात. बहुतेक घरांत केबलवाल्याने लावून दिलेलं पॅकेजच वर्षानुवर्षं चालू असतं. त्याच्याकडून वाहिन्यांच्या दरांची यादी मागा आणि नेटवर्कचा आकार (म्हणजे नुसत्या जोडणीचे पैसे) किती, वाहिन्यांचे किती, हे वेगळं विचारा. हा आकार आधी कर सोडून १३० रुपयांवर बांधलेला होता, २०२४ मध्ये ती मर्यादा निघाली, त्यामुळे तो ऑपरेटरप्रमाणे बदलतो. एकच वाहिनी एसडी आणि एचडी अशी दोनदा लागलेली नाही ना, तेही बघा. आम्ही नको त्या हिंदी सिनेमांच्या आणि कार्टूनच्या वाहिन्या काढल्यावर बिल २३० वर आलं.

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला (छतावर लावायची डिश) महिन्याचं भाडं नाही, पण झी मराठी, स्टार प्रवाह त्यावर दिसत नाहीत. सासूबाईंना सह्याद्री पुरत असेल तरच तो विचार करा.

घरात तुम्ही दोघंच असता तर मी बिनधास्त काढा म्हटलं असतं. तरीही काढायचीच असेल तर आधी महिनाभर केबलचा रिमोट कपाटात ठेवून सगळं अ‍ॅपवर बघा, आणि तुम्ही दोघं ऑफिसला असताना सासूबाईंना टीव्ही एकटीने लावता येतो का, हे त्यांनाच विचारा.