‘फोल्ड कर’ नको, ‘दुमड’ म्हणा

लीड्सहून एका आईचं पत्र आलंय. माहेर आमच्या पंचवटीतलं. मुलगी सात वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. गावच्या पब्लिक लायब्ररीनं त्यांना दर शनिवारी पाऊण तास एक खोली देऊ केली आहे, मराठी मुलांसाठी काहीतरी करा म्हणून. त्या विचारतात, ‘गोष्ट वाचायला घेतली की पाच मिनिटांत मुलं उठून पळतात. हाताला काम द्यावं म्हणते, पण काय? आणि त्यात मराठी कुठून येणार?’

ताई, आधी तुमच्याच घरात दोन दिवस कान देऊन बसा. लेकीला हत्ती, आंबा, लाल, निळा सगळं येत असेल. पण कागद हातात आला की ती काय म्हणते? ‘आई, हे फोल्ड कर. आता कट कर. आता पेस्ट कर.’ आणि खरं सांगा, तुम्हीही तेच म्हणता. इथे नाशकात आमच्या वाचनालयात येणारी मुलंही तेच म्हणतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. नामं टिकतात, क्रियापदं जातात आणि उरतं ते एकटं ‘कर’. दुमड, चुरगळ, टोच, ओव, लिंप, पिळ हे शब्द चित्रांच्या तक्त्यावरून शिकवता येत नाहीत. हात चालू असतानाच ते लागतात. म्हणून शनिवार ठरवताना कोणती वस्तू करायची हे नंतर बघा, कोणती पाच क्रियापदं वापरायची ते आधी लिहून काढा.

माझ्या पसंतीचं पहिलं काम मुखवट्यांचं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी गावांत उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादानवांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. काही मुखवटे लाकडी असतात, काही कागदाच्या लगद्याचे. लगदा लायब्ररीच्या गालिच्यावर नको, त्याऐवजी कागदाच्या पट्ट्या घ्या. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररीतच मागा, आनंदानं देतील. घरून खळ शिजवून न्या: एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. आमच्याकडे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत होती. ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. चमचाभर मीठ पुरे. कुणाला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे का, ते आधी विचारा. साचा म्हणून वाडगा पालथा घाला, त्यावर तेलाचा हात फिरवा. मग फाड, बुडव, निथळ, चिकटव, चेप. तीन थर झाले की थांबायचं. डोळ्यांची भोकं मुखवटा वाळल्यावर तुम्ही पाडा, रंग पुढच्या शनिवारी. नाक कसं बसवायचं यावरून मुलांची भांडणं होतील. होऊ द्या, फक्त मराठीत होतील एवढं बघा!

दुसरं काम हळू चालणारं आहे, आणि माझं थोडं जास्तच लाडकं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून तो रुजताना, वाढताना एकेक चित्र टिपलं होतं. तेवढी छोटी फिल्म दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. तुमच्या मुलांनी कॅमेरा घ्यायची गरज नाही. पेल्यात ओला कापूस, त्यात काचेला टेकवून वाटाणा. घरी रोज एका कार्डावर त्याच जागी चित्र काढायचं. दहा-बारा दिवसांची चित्रं झाली की मधली पायरी दाखवणारी आणखी तेवढीच काढून कार्डं टाचायची. अंगठ्यानं भर्रकन सोडली की वाटाणा हलतो. फुगला, तडकला, कोंब फुटला, वाकला, सरळ झाला. भूतकाळ इथे आपोआप पाठ होतो, व्याकरणाचं नावही न काढता.

येवल्याची पैठणी कागदी पट्ट्यांनी विणता येते: ताणा उभा, बाणा आडवा, एक वर एक खाली. मोठ्या मुलांना काठ वेगळ्या रंगाचा करायला सांगा. हे निवांत काम आहे, पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. लीड्समध्ये तसे दिवस कमी पडणार नाहीत.

रांगोळी मात्र सुट्ट्या पुडीतून नको. मी एकदा वाचनालयाच्या दालनात ठिपक्यांची रांगोळी काढून घेतली होती. कुणीतरी पंखा लावला. पुढचा आठवडाभर पुस्तकांच्या पानांतून गुलाबी पूड निघत होती आणि ग्रंथपाल माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. ठिपक्यांचा कागद आणि खडू, एवढ्यावर भागवा.

लायब्ररीकडे जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: मुलं किती, वय काय, ओलं काम आहे का, पुसणार कोण. परक्या मुलांबरोबर काम करायचं तर तुमची पडताळणी लागेल का, तेही तेव्हाच विचारा. आणि कामानंतरची दहा मिनिटं पुस्तकांची ठेवा, हात गुंतून गेल्यावर मुलं बसतात. मराठी पुस्तकं कमी पडत असतील तर चार-पाच कुटुंबं मिळून कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची चौकशी करा, त्यांच्या पुस्तकपेट्या देशाबाहेरही गेल्या आहेत. सुट्टीत नाशकात याल तेव्हा लेकीला सार्वजनिक वाचनालयात नक्की न्या. ते १८४०चं आहे. तिच्या लायब्ररीहून जुनं की नवं, हे तिलाच शोधू द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय, मराठी न येणारी शेजारची मुलं आली तर? येऊ द्या की. लायब्ररी सगळ्यांची आहे, आणि ‘चेप’ म्हणताना त्यांना तुमच्या लेकीकडेच बघावं लागेल. मग ती सांगेल, मराठीत. फक्त वाडगे चार जास्त न्या, आणि मुखवटे वाळवायला रेडिएटरजवळची जागा आधीच मागून ठेवा.