गाथा केवढी?

प्रश्न असा आहे : तीन पिढ्यांची गोष्ट सांगणाऱ्या एका जाडजूड कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘महागाथा’ असे छापले आहे. गाथा म्हणजे लांबलचक पराक्रमकथा का? आणि ‘गाथेत’ म्हणावे की ‘गाथ्यात’?

मुळात गाथा लांब नसतेच. ‘गै’ म्हणजे गाणे, त्या धातूपासून हा शब्द आला. गाथा म्हणजे गायचे पद्य. हाल सातवाहन राजाच्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत पद्यसंग्रहातली गाथा जेमतेम दोन ओळींची, पहिलीत ३० मात्रा, दुसरीत २७. तेवढ्यात गोदाकाठ, शेत, रुसवा सगळे आटोपते आणि पुढच्या गाथेशी तिचे कथेचे नाते नसते. पुढे संग्रहालाही गाथा म्हणू लागले. तुकोबांच्या गाथेत चार हजारांहून अधिक अभंग आहेत, पण प्रत्येक अभंग आपापला स्वतंत्र. म्हणजे आकार मोठा झाला तरी त्यात सलग कथानक आले नाही.

कथेचा अर्थ चिकटला तो ‘यशोगाथा’, ‘शौर्यगाथा’ अशा समासांतून. तिथे गाथा म्हणजे गौरवाने सांगावी अशी कहाणी. हे समास रुळले आहेत, खुशाल वापरा. पुष्कळ जण मात्र इंग्रजीतल्या ‘सागा’ला यमक जुळते म्हणून गाथा लिहितात. सागा आइसलँडची, बहुतांशी गद्य, आणि तिच्या मुळाशी ‘सांगणे’ आहे. गाथेच्या मुळाशी ‘गाणे’. आवाज सारखा, कूळ वेगळे.

आता लिंग. देहू-आळंदीकडे वारकऱ्यांच्या तोंडी ‘गाथा तरला’ असा पुल्लिंगी प्रयोग ऐकू येतो. मग रूप ‘गाथ्यात’. ग्रंथी मराठीत स्त्रीलिंग अधिक : ‘तुकोबांची गाथा’, ‘गाथेत’. दोन्ही चालतात. ‘तुकोबांचा गाथा’ लिहून पुढच्याच वाक्यात ‘गाथेत’ आले की मुद्रितशोधकाने लाल शाई काढावी. सुटे पद्य या अर्थी मात्र स्त्रीलिंगच : ती गाथा, त्या गाथा.

‘महाकाव्य’ही सैल वापरू नये. साहित्यशास्त्रात ते सर्गबद्ध, म्हणजे अध्यायांत बांधलेले, पद्य. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत साहित्यशास्त्रग्रंथाचा कर्ता आठांहून अधिक सर्ग मागतो, ‘रघुवंशा’त १९ आहेत. गद्य कादंबरीला ते म्हणणे ही स्तुती झाली, वर्गीकरण नव्हे. महाभारतालाही परंपरा ‘इतिहास’ म्हणते. ‘आदिकाव्य’ हा मान रामायणाचा.

एका नायकाची सलग, रंगवून सांगितलेली कथा असेल तर नेमका शब्द ‘आख्यान’. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते. फक्त वाक्यप्रयोग सांभाळा : ‘नलदमयंतीचे आख्यान’ ठीक, पण ‘त्याने आख्यान लावले’ म्हटले की ऐकणारे घड्याळाकडे बघू लागले असा अर्थ. ‘पुराण’ आणि ‘चऱ्हाट’ यांचीही तीच गत. ‘दीर्घकथा’ इथे उपयोगाची नाही. ती कथेहून मोठी, कादंबरीहून लहान.

त्या मलपृष्ठापुरते सांगायचे तर ‘तीन पिढ्यांची कहाणी’ पुरे. भारदस्तच हवे असेल तर ‘कुलकथा’.